ओनरशिप चार्ट दरवेळी का विस्कटतो, आणि एकाच माणसाचे दोन डबे का होतात

नौपाड्यातल्या एका छोट्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) ऑफिसमध्ये मी काम करते आणि आमच्याकडे वर्षभर एकच तक्रार फिरून फिरून यायची, की बँकेला पाठवलेला ओनरशिप चार्ट, म्हणजे कंपनीत कोणाचा किती टक्के हिस्सा हे डबे आणि बाणांनी दाखवणारं चित्र, परत आला. कधी बँक म्हणते टक्के जुळत नाहीत, कधी क्लायंटचा फोन येतो की मोबाइलवर डबे दिसतायत पण आत नावंच नाहीत, कधी आपणच सहा महिन्यांपूर्वीची फाइल उघडतो तर बाण एकीकडे आणि डबा दुसरीकडे. आम्ही तेवढ्यापुरतं दुरुस्त करून पाठवायचो आणि पुढच्या खेपेला परत तेच. खरं कारण सापडायला बराच वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहितेय, कोणाचा तरी एखादा शनिवार वाचेल.

आधी ज्या केसमुळे डोकं लावून बसावं लागलं ती सांगते, आकडे बदललेत पण गुंता तोच ठेवलाय. रबाळे एमआयडीसीत कारखाना असलेली एक घरची कंपनी, आपण तिला फॅक्टरी म्हणू. तिचे एकूण ५०,००० शेअर्स. त्यातले २०,००० घरच्याच एका होल्डिंग कंपनीकडे (दुसऱ्या कंपनीचे शेअर्स धरणारी कंपनी), १४,००० मोठ्या भावाकडे, १२,००० धाकट्याकडे आणि उरलेले ४,००० एका एलएलपीकडे, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेकडे. होल्डिंग कंपनीत मोठा भाऊ ५५ टक्के, धाकटा २५ टक्के, काकू २० टक्के. एलएलपीत काकू ४० टक्के आणि पुतण्या ६० टक्के. इतकंच. कागदावर पेनाने काढला तर पाच मिनिटांचा चार्ट आहे.

पण कॉम्प्युटरवर काढला की काकूंचे दोन डबे यायचे. एक होल्डिंगच्या डोक्यावर, एक एलएलपीच्या डोक्यावर. भावांचे तर दोन-दोन होतेच. बँकेतल्या माणसाने एका काकूंच्या खाली ८ टक्के बघितले, दुसऱ्या काकूंच्या खाली ३.२ बघितले, दोन्ही बँकेच्या १० टक्क्यांच्या मर्यादेच्या आत, म्हणून आधी सोडून दिलं, मग वरच्या ऑफिसातून क्वेरी आली की या दोन बाई एकच आहेत का. एकच आहेत. ८ आणि ३.२ मिळून ११.२ होतात, म्हणजे १० च्या वर, म्हणजे काकू बेनिफिशियल ओनर (कागदांमागचा खरा मालक) आणि त्यांची केवायसी लागणार. आमच्या चार्टमुळे एक मालक अर्धी-अर्धी होऊन लपली होती, कोणाचा तसा हेतू नसताना. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण बँक चार्ट मागते तेच मुळी असं कोणी लपू नये म्हणून.

मग शोधायला लागले की डबे दोन का होतात. उत्तर साधं निघालं. आम्ही वापरत होतो ते ऑर्ग चार्टचं, म्हणजे ऑफिसात कोण कोणाच्या हाताखाली हे दाखवायचं, टेम्प्लेट. मायक्रोसॉफ्टच्या व्हिजिओचा (आकृत्या काढायचा प्रोग्रॅम) ऑर्ग चार्ट विझार्ड घ्या किंवा पॉवरपॉइंटमधलं स्मार्टआर्टचं हायरार्की घ्या, दोघांच्या पोटात एकच समजूत आहे की प्रत्येकाला वर एकच साहेब असतो. नोकरीत ते बरोबर आहे. पण कंपनीचे मालक म्हणजे एका खुर्चीवर एक साहेब नाही, एका कंपनीला चार मालक असतात आणि एक मालक तीन कंपन्यांत असतो. झाडाला खोड एकच असतं, इथे मात्र फांद्या खाली येऊन परत एकमेकींना मिळतात. सॉफ्टवेअरला ते मांडता येत नाही म्हणून ते डबा डुप्लिकेट करतं, नाहीतर आपण जास्तीचा बाण हाताने ओढतो, आणि तो हाताने ओढलेला बाण पुढच्या वेळी लेआउट बदलला की जागेवरच राहतो आणि डबा निघून जातो. म्हणजे डबे दोन होणं आणि बाण सुटणं, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच. तेव्हा पहिलं काम, ऑर्ग चार्ट आणि हायरार्कीची टेम्प्लेट्स या कामासाठी पूर्ण बंद करा. साधा फ्लोचार्ट घ्या.

साध्या फ्लोचार्टमध्येसुद्धा बाण सुटतात, पण तिथे कारण वेगळं, बाण डब्याला चिकटलेलाच नसतो, नुसता जवळ नेऊन ठेवलेला असतो. ड्रॉ डॉट आयओमध्ये (हेही आकृत्या काढायचं ॲप) बाणाचं टोक डब्यावर नेलं की अख्ख्या डब्याची कड निळी उजळते, तेव्हा सोडलं तर बाण डब्याला जोडला जातो आणि डबा कुठेही नेला तरी सोयीची बाजू स्वतः शोधतो. एखाद्या बारीक ठिपक्यावर हिरवं गोल येतं तेव्हा सोडलं तर त्या ठिपक्यालाच कायमचा बांधला जातो. आणि काहीच उजळलं नाही तर तो हवेत आहे, दिसायला कितीही बरोबर दिसू दे. व्हिजिओच्या अलीकडच्या व्हर्जन्समध्ये बाण सिलेक्ट केला की जोडलेलं टोक हिरवं दिसतं. तपासायची सोपी रीत, एकेक डबा पकडून थोडा हलवायचा आणि बाण मागे येतो का बघायचं, मग अंडू करायचं. दोन मिनिटं लागतात, पाठवायच्या आधी मी हे दरवेळी करते.

आता खरी दुरुस्ती. चार्ट काढायचाच नाही, चार्ट बनू द्यायचा. म्हणजे मूळ वस्तू एक्सेलची एक शीट, तिच्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक होल्डिंग, म्हणजे एकाचा एका ठिकाणचा हिस्सा: कोणाकडे, कशात, किती शेअर्स, कुठल्या प्रकारचे, कुठल्या तारखेला. फॅक्टरीच्या चार ओळी, होल्डिंगच्या तीन, एलएलपीच्या दोन, झाल्या नऊ ओळी. टक्का हाताने टाइप करायचा नाही. दुसऱ्या शीटवर प्रत्येक कंपनीचे एकूण शेअर्स लिहायचे आणि भागाकार एक्सेलने करायचा. हे एकूण शेअर्स ओळींची बेरीज मारून घेऊ नका, कंपनीच्या पेड-अप कॅपिटलवरून (भरणा झालेलं भांडवल) घ्या, कारण बेरजेवरून घेतलं तर एखादी ओळ राहून गेली तरी टक्के १०० च येतील आणि चूक कधीच दिसणार नाही.

नावांनी घात होतो तो इथे. एमसीएच्या (कंपनी खात्याच्या) साइटवरून किंवा पीडीएफवरून नाव कॉपी केलं की शेवटी एखादी स्पेस चिकटून येते, डोळ्याला दिसत नाही, पण एक्सेलला ती दोन वेगळी नावं वाटतात आणि परत दोन डबे. ट्रिम फॉर्म्युला लावला तरी काही स्पेस जात नाहीत, कारण वेबवरून येणारी ती नॉन-ब्रेकिंग स्पेस असते, कॅरेक्टर नंबर १६०, ट्रिम तिला हात लावत नाही. आधी सबस्टिट्यूटने १६० नंबरचं कॅरेक्टर साध्या स्पेसमध्ये बदला आणि मग ट्रिम लावा. त्याहून चांगलं म्हणजे नावावर अवलंबूनच राहू नका, प्रत्येक माणसाला आणि कंपनीला स्वतःचा छोटा कोड द्या. सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी नंबर, वापरायचा मोह होतो, २१ अक्षरं-आकड्यांचा आहे आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण तो बदलू शकतो, कंपनी लिस्ट झाली किंवा दुसऱ्या राज्यात गेली की बदलतो, आणि माणसांना सीआयएन नसतोच. म्हणून आपला घरचा कोड बरा, सीआयएन डब्यात दुसऱ्या ओळीत छापायला ठेवा.

मग या ओळींवरून चार्ट. मी मर्मेड वापरते, ती मजकुरावरून आकृती काढणारी साधी भाषा आहे आणि ड्रॉ डॉट आयओच्या इन्सर्ट मेनूतून तिचा मजकूर पेस्ट करता येतो. पहिल्या ओळीत ग्राफ आणि टीडी, म्हणजे वरून खाली. मग प्रत्येक होल्डिंगची एक ओळ, आधी मालकाचा कोड, मग दोन डॅश आणि पुढे टोकदार कंस म्हणजे बाण, मग दोन उभ्या रेघांमध्ये टक्का, मग कंपनीचा कोड. ही ओळ एक्सेलमध्येच सेल जोडून तयार होते, खाली ड्रॅग केलं की नऊच्या नऊ ओळी तयार. आणि मुख्य फायदा इथे आहे, एकच कोड दोनदा आला तर मर्मेड डबा एकच काढतं आणि त्यातून दोन बाण सोडतं. काकू एकदाच येतात. पहिल्यांदा स्क्रीनवर त्या एकाच डब्यातून दोन बाण निघालेले बघितले तेव्हा मी शेजारच्या टेबलवरच्या ताईंना बोलावून दाखवलं.

यात अडायला होतं ते कंसांमुळे. डब्यात दिसायचं नाव कोडपुढे चौकोनी कंसात लिहायचं असतं, आणि त्या नावातच इंडिया कंसात असेल तर मर्मेड गोंधळतं आणि अख्खा चार्ट यायचा बंद होतो, एररसुद्धा भलत्याच ओळीवर दाखवतं. नाव डबल कोट्समध्ये टाका, सुटतं. आणि कोड इंग्रजी अक्षर-आकड्यांतच ठेवा, मध्ये स्पेस नको, मराठी नाव कोट्सच्या आत कितीही लिहा.

टक्के जुळत नाहीत ही तक्रार वेगळी, आणि तिच्यात तीन-चार वेगवेगळी कारणं मिसळलेली असतात.

सगळ्यात जास्त वेळा भेटणारं म्हणजे नॉमिनीचा एक शेअर. प्रायव्हेट कंपनीला निदान दोन मेंबर लागतात, म्हणून पूर्ण मालकीच्या सबसिडिअरीतसुद्धा (दुसऱ्या कंपनीच्या ताब्यातली कंपनी) १०,००० पैकी ९,९९९ शेअर्स मूळ कंपनीकडे आणि एक शेअर कोणातरी माणसाच्या नावावर, मूळ कंपनीचा नॉमिनी, म्हणजे नुसता नावापुरता धारक, म्हणून. चार्टवर दशांश नसेल तर एका बाणावर १०० टक्के आणि दुसऱ्यावर ० टक्के येतं, आणि बँक बरोबरच विचारते की शून्य टक्क्याचा बाण कशाला. दोन दशांश ठेवा, ९९.९९ आणि ०.०१, आणि नॉमिनीच्या बाणाची रेघ तुटक करून शेजारी नॉमिनी असं लिहा. त्या एका शेअरसाठी कंपनी कायद्याच्या कलम ८९ खाली एमजीटी-४, ५ आणि ६ हे फॉर्म भरून झालेत का ते पण त्याच वेळी बघून घ्या, चार्ट करताना हे सापडतं तेवढं एरवी सापडत नाही.

दुसरं, कशाचे टक्के? प्रेफरन्स शेअर्स (लाभांश आधी मिळणारे, पण सहसा मत नसलेले) असलेल्या कंपनीत पेड-अप कॅपिटलचे टक्के वेगळे, मतांचे वेगळे, आणि कन्व्हर्टिबल (पुढे शेअर्समध्ये बदलणारे कागद) धरून फुली डायल्यूटेड आणखी वेगळे. कंपनी कायद्यात सबसिडिअरी ठरवताना निम्म्याहून जास्त मतांचा हक्क बघतात, आधी तिथे शेअर कॅपिटल असा शब्द होता, २०१७ च्या दुरुस्तीने तो मतांवर आला. तेव्हा चार्टच्या खाली एक ओळ लिहाच, की हे टक्के इक्विटीचे, मतांचे की डायल्यूटेड. ही एक ओळ नसल्यामुळे आमचे किती मेल वाया गेलेत सांगू शकत नाही.

तिसरं, गुणाकार. बँकेला शेवटचा माणूस हवा असतो, म्हणून बाणांवरचे टक्के खाली खाली गुणत यायचं आणि एका माणसाच्या सगळ्या वाटा बेरजेत घ्यायच्या. आपल्या उदाहरणात मोठा भाऊ थेट २८ आणि होल्डिंगमधून ५५ गुणिले ४० म्हणजे २२, एकूण ५०. धाकटा थेट २४ आणि होल्डिंगमधून १०, एकूण ३४. काकू होल्डिंगमधून ८, एलएलपीमधून ३.२, एकूण ११.२. पुतण्या ४.८. बेरीज मारा, १०० आली. ही बेरीज १०० यायलाच हवी, कारण शेवटी सगळे शेअर्स कोणा ना कोणा माणसाचेच आहेत. ९२ आली तर एक वाट सुटली, ११० आली तर काहीतरी दोनदा मोजलंय. चार्ट बरोबर आहे की नाही हे कळायला याच्याहून चांगली कसोटी मला अजून मिळालेली नाही, शीटवरच एका सेलमध्ये ठेवा आणि १०० नसेल तर लाल होऊ द्या.

आता इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण यात अनुभवी लोकही गल्लत करतात. बँक आणि आरओसी (कंपनी रजिस्ट्रार) यांना एकाच चार्टवरून वेगवेगळी माणसं मिळू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. बँकेची केवायसी मनी लाँडरिंगच्या नियमांवर चालते, तिथे कंपनीत १० टक्क्यांपेक्षा जास्त मालकी असलेला माणूस मोजतात, मार्च २०२३ च्या आधी हा आकडा २५ होता, म्हणून जुने चार्ट तेव्हा पास झाले आणि आता परत येतात. या हिशोबाने मोठा भाऊ, धाकटा आणि काकू तिघेही आले. आरओसीकडचं बेन-२, म्हणजे खऱ्या मालकाची माहिती कळवायचा फॉर्म, मात्र कंपनी कायद्याच्या कलम ९० वर चालतं, तिथेही १० टक्केच, पण गुणाकाराने नाही. मधे कंपनी असेल तर त्या कंपनीत माणसाचा निम्म्याहून जास्त हिस्सा आहे का हे बघतात. होल्डिंगमध्ये निम्म्याहून जास्त फक्त मोठ्या भावाचा, ५५. धाकट्याचे २५ आणि काकूंचे २०, म्हणून त्या वाटेने ते दोघे येत नाहीत. धाकट्याचे थेट २४ आहेत, पण नुसतं थेट, स्वतःच्या नावावर असलेलं होल्डिंग तिथे मोजत नाहीत, ते रजिस्टरमध्ये दिसतंच आहे. एलएलपीला वेगळा नियम आहे, तिथे निम्मा हिस्सा लागत नाही, भागीदार असणं बघतात, पण आपल्या एलएलपीकडेच फॅक्टरीचे ८ टक्के, १० च्या आत. म्हणजे नुसत्या शेअर्सपुरतं बघितलं आणि बोर्डवरचा ताबा, आपसातला करार वगैरे काही नसेल तर एकटा मोठा भाऊ. त्याने कंपनीला बेन-१ हे स्वतःचं डिक्लरेशन द्यायचं आणि कंपनीने ते मिळाल्यापासून ३० दिवसांत बेन-२ भरायचं. बँकवाले बेन-२ ची कॉपी मागतात आणि विचारतात यात एकच नाव कसं, तेव्हा घाबरून चार्ट बदलू नका, दोन ओळींचं पत्र जोडा की हे दोन वेगळे नियम आहेत.

चार्टमध्ये एखादा बाण खालून वर, सबसिडिअरीकडून होल्डिंगकडे जाताना दिसला तर आधी शीटवरचे दोन कॉलम उलटे झालेत का बघा. कलम १९ प्रमाणे सबसिडिअरीला, थोडे अपवाद सोडले तर, आपल्या होल्डिंग कंपनीचे शेअर्स धरता येत नाहीत, त्यामुळे तसा बाण बहुतेक वेळा टायपिंगची चूकच असते. चूक नसेल तर मग चार्ट बाजूला ठेवा आणि सरांशी बोला.

पाठवताना होणारे घोळ. नावं न दिसण्याचं कारण मला एकदा ठाण्याहून वाशीला जाताना लोकलमध्येच सापडलं, क्लायंटच्या ऑफिसला निघाले होते, ऐरोली गेल्यावर मोबाइलवर चार्टची एसव्हीजी (चित्राचा एक फॉरमॅट) फाइल उघडली तर सगळे डबे रिकामे आणि एका कोपऱ्यात इंग्रजीत ओळ की हा मजकूर एसव्हीजी नाही, दाखवता येत नाही. ड्रॉ डॉट आयओ अक्षरं अशा पद्धतीने साठवतं जी ब्राउजरला कळते पण बाकीच्या बऱ्याच ॲप्सना कळत नाही. सगळे डबे सिलेक्ट करून वर्ड रॅप आणि फॉरमॅटेड टेक्स्ट हे दोन टिक काढले की एसव्हीजी सगळीकडे नीट दिसतं. पण बँकेला एसव्हीजी पाठवायचं कारणच काय, पीडीएफ पाठवा.

पीडीएफमध्ये चार्ट दोन पानांत फुटत असेल तर एक्सपोर्ट करताना एका पानात बसवायचा पर्याय घ्या. पण पंधरा-वीस डबे असतील तर ए-फोरवर टक्के इतके बारीक येतात की शिक्का मारल्यावर वाचताच येत नाहीत, तेव्हा ए-थ्री आडवं करा आणि प्रिंटही ए-थ्रीच काढा, आमच्या गोखले रोडच्या झेरॉक्सवाल्यांकडे सहज मिळते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबून छोटा होतो आणि ९९.९९ चं काहीही वाचलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गुप्ततेचं जास्त गंभीर आहे. ड्रॉ डॉट आयओमधून पीएनजी किंवा पीडीएफ काढताना डायग्रामची कॉपी आत ठेवायचा एक टिक असतो. तो असला तर समोरचा तीच फाइल ड्रॉ डॉट आयओमध्ये उघडून पूर्ण मूळ चार्ट बघू शकतो, लपवलेल्या लेयरसकट. आम्ही एका लेयरवर पॅन नंबर ठेवायचो, लपवून. आता शीटवरच ठेवतो, चार्टमध्ये आणतच नाही. तसंच पांढरा चौकोन ठेवून नाव झाकू नका, पीडीएफमध्ये त्याच्या खालचा मजकूर सिलेक्ट होतो आणि कॉपीही होतो. ज्याला जे दाखवायचं नाही ती ओळ काढून वेगळा चार्ट बनवा, आता शीटवरून बनतोय तर एक मिनिटाचं काम आहे. आणि ड्राइव्हवरची लिंक असलेल्या सगळ्यांना उघडेल अशी शेअर करू नका, तीच लिंक पुढे दलालापर्यंत जाते.

शेवटचं, तारीख. प्रत्येक चार्टवर अमुक तारखेची स्थिती असं मोठ्या अक्षरात टाका आणि ती शीटवरूनच येऊ द्या. शेअर्स डिमॅटमध्ये असतील तर आरटीएकडून (शेअर्सच्या नोंदी ठेवणारी एजन्सी) बेनपॉस, म्हणजे त्या दिवशीच्या शेअरधारकांची यादी, मागवा आणि त्याच तारखेचा चार्ट करा, कागदी शेअर्स असतील तर मेंबर रजिस्टरमध्ये नोंद झाली ती तारीख, एसएच-४ वर (शेअर ट्रान्सफरचा फॉर्म) सही झाली ती नाही. क्लायंटच्या अकाउंटंटला मी सांगून ठेवलंय की एक शेअर जरी हलला तरी त्याच दिवशी मला एक ओळ मेल करायची. जुनी ओळ पुसत नाही, तिच्यापुढे शेवटची तारीख टाकते आणि खाली नवी ओळ. म्हणजे कोणी विचारलं की गेल्या ३१ मार्चला चित्र काय होतं, तर फिल्टर लावून तोच चार्ट परत काढता येतो.

रबाळेवाल्यांची फाइल या खेपेला अशी गेली. वाशीच्या शाखेतून चौथ्या दिवशी मेल आला, टक्क्यांबद्दल एक शब्द नाही, फक्त काकूंचा पॅन, पत्त्याचा पुरावा आणि एक फोटो मागितला होता. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, अगं मला कोणी विचारलंच नव्हतं आजवर, संध्याकाळी घेऊन येते.